केपच्या वाटेवर सौंदड

सौंदड, २ ऑगस्ट १९३७

रोजनिशी लिहायची हे उन्हाळ्यातच पक्कं केलं होतं. आधी वही नव्हती. वही आली तर पेन्सिल हरवली. मग लिहिण्यासारखं काही घडेना, आणि घडायला लागलं तेव्हा लिहायला सवड होईना. आज सकाळपासून झड लागली आहे, आणि आत्यानं छत्री लपवून ठेवली आहे. म्हणून श्रीगणेशा.

मागचं थोडक्यात. गेल्या महिन्यात भैयाजीनं (मोठा भाऊ, गोंदियात तांदळाचं दुकान, माझ्याबद्दल मत खराब) मला पोत्यांची बिल्टी, म्हणजे मालाची पावती, आणायला स्टेशनावर पाठवलं. बिल्टी राहिली. कारण वेटिंग रूमबाहेर मिस हार्टले नावाची एक म्हातारी मेम फोटोंचं पुस्तक उघडून बसली होती, आणि मी खांद्यावरून बघत होतो. दर्याकाठचं जुनं बंदर. किल्ल्याची भिंत, तोफा, पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. आणि समोरच्या खडकांवर काळे कोट, पांढरे शर्ट घातलेली वकिलांची अख्खी बार रूम! मेम म्हणाली, हे पक्षी आहेत, पेंग्विन. आफ्रिकेत केपला असतात. उडत नाहीत, चालतात. ओरडतात गाढवासारखे. ती सप्टेंबरात जहाजानं तिकडं जाणार आहे. मारायला नाही, धरायला नाही. नुसतं बघायला.

नुसतं बघायला! मी तिथल्या तिथं ओळखलं की ही माझी लाईन. घरचे इतकी वर्षं हेच म्हणून राहिले आहेत की दुधराम नुसता बघत बसतो.

मेमनं विचारलं, इकडं सारस आहेत का. म्हटलं, येस मॅडम, माय आंटी फील्ड. ती म्हणाली, चांद्याहून परतताना ऑगस्टअखेर सौंदडला उतरून घरटं बघीन. मग मी हळूच विचारलं की जहाजावर पेट्या उचलायला, दुर्बीण पुसायला माणूस लागत असेल. ती हसून म्हणाली, ‘परहॅप्स.’ इंग्रज माणूस काम जवळपास झाल्याशिवाय परहॅप्स म्हणत नाही.

(मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा गेलो हे खरं. पण ते लेखी इंग्रजी.)

तिनं रानपाखरं बघायची रीत सांगितली. लांबून बघायचं. खायला घालायचं नाही. हात लावायचा नाही. गर्दी जमवायची नाही. मेम येईपर्यंत घरटं जसंच्या तसं राहिलं पाहिजे. की केप माझं.

भैयाजीला सांगितलं, सौंदडला धानाचा भाव काढून येतो.

३ ऑगस्ट

घरटं आहे! आत्याच्या एका खोल बांधीत (म्हणजे धानाच्या खाचरात), पाण्याच्या मधोमध, गवताचा मोठा ढीग आणि त्यावर दोन अंडी. नंदाबाई आत्या विधवा बाई, पाच बांध्यांवर पोट. तरी दरसाल तेवढा तुकडा धान न रोवता सोडते. म्हणते, लेक माहेरी आली आहे बाळंतपणाले, तिच्या अंगावर कोण रोवणा घालते?

मी म्हटलं, मी रोज तिचं ऑब्झर्व्हेशन करणार. म्हणजे काय गा, असं तिनं विचारलं. समजावून सांगितलं. आत्या म्हणाली, मंजे टकमकच ना! बाळंतिणीकडं टकमक पाहू नाही, पोरा.

शास्त्र बायकांना समजावणं कठीण.

५ ऑगस्ट

नियम पहिला, लांबून. पण लांबून दिसत नाही, आणि दुर्बीण मेमकडे. म्हणून धुऱ्यावरच्या (बांधीच्या मातीच्या कडेवरच्या) मोहाच्या झाडावर चढलो. वर चढणं म्हणजे जवळ जाणं नव्हे.

झाडावर लाल मुंग्या होत्या.

खाली चिखल होता.

दोन्ही सारसांनी माना वर केल्या आणि अर्धा सौंदड जागा होईल असे ओरडले. यात माझा दोष नाही. मी आवाज केला नाही. आवाज पडण्याचा झाला.

६ ऑगस्ट

निश्चय: घरट्याबद्दल कुणाला एक शब्द सांगायचा नाही.

संध्याकाळी स्टेशनावर गेलो होतो. रामलाल पॉइंट्समनला सांगितलं. फक्त त्याला. परदेशी, उत्तरेकडचा माणूस, इथं त्याची ओळख ती कोणाशी? त्यानं कान धरून शपथ घेतली.

७ ऑगस्ट

चांद्याकडची पॅसेंजर आज जरा जास्तच थांबली. ड्रायव्हर खाली उतरून मला म्हणाला, वो सारस के अंडे किधर हैं, भैया? रामलालला गाठून जाब विचारला. तो म्हणतो, मैंने तो सिर्फ गार्डसाब को बताया, वो तो अपने ही आदमी हैं!

हेही बरोबरच आहे. गार्ड म्हणजे कंपनीचा माणूस, पब्लिक नव्हे.

८ ऑगस्ट

आज प्रयोग. पाखरू घाबरतं ते माणसाला. आपण माणसासारखं दिसलोच नाही तर? काळा कोट (मॅट्रिकच्या फोटोसाठी शिवलेला), आत पांढरा सदरा, हात मांड्यांना चिकटवलेले, पाय फेंगडे. केपची सवयही आपोआप होते. असा धुऱ्यावरून हळूहळू चालत गेलो.

शेजारच्या बांधीत रोवण्याच्या बाया होत्या. सगळ्यांत पुढे शामकला, जिभेला हाड नाही. तिनं गाणं तोडलं आणि ओरडली, काऊन वो नंदाबाई, तुमचं बुजगावणं चालून राह्यलं! दुसरी म्हणाली, बुजगावणं नाही, नवरदेव आहे, वरात हरपली त्याची! मग रोपांची एक पेंढी आली, ती कोटावर लागली.

मी प्रत्युत्तर दिलं नाही. पेंग्विन देत नाहीत.

एक नोंद: बाया घरट्याच्या इतक्या जवळ, गाणी म्हणत, खिदळत रोवत होत्या, तरी सारस ढुंकून बघत नव्हते. मी दिसताच नर पंख पसरून उभा राहिला. अनुमान: माझ्याकडे विशेष लक्ष आहे. हळूहळू ओळख होत आहे.

९ ऑगस्ट

माणसं येऊन राहिली आहेत. काल चार टाळकी होती, आज धुरा भरला. गावच्या छोटेलालनं मोहाच्या झाडाखाली चहाभज्यांची चूल मांडली. त्याला म्हटलं, अरे, धूर होतो. तो म्हणाला, तुमचंच भाषण ऐकाले येते पब्लिक, दुधरामभाऊ. भाषण कोरडं कसं ऐकतील?

भाषण चांगलं होऊन राहिलं आहे. विषय: रानपाखरू आणि आपली जबाबदारी. लोकांना अंतर ठेवा म्हटलं की ठेवतात. फक्त ज्याचं त्याचं अंतर वेगळं.

थोडे मुरमुरे फेकले, सारसांनी सहकार्य करावं म्हणून. हे खायला घालणं नव्हे. खाल्लं फक्त छोटेलालच्या कुत्र्यानं.

१० ऑगस्ट

मोठी कल्पना सुचली! घाईत लिहितो.

गर्दी थांबवता येत नाही. पण गर्दीला वळण लावता येतं. आत्याच म्हणते ना, लेक माहेरी आली आहे? मग माहेरच्या बायका काय करतात? ओटी भरतात, डोहाळेजेवण करतात. आणि एकदा ओटी भरली की त्या घरी रोज उठून कुणी जातं का? नाही! म्हणजे एकच दिवस, सगळ्यांनी मिळून, शिस्तीत. धुऱ्यावरूनच ओटी दाखवायची, पोटभर बघायचं आणि घरी जायचं. त्यानंतर मेम येईपर्यंत चिटपाखरू फिरकणार नाही. म्हणजे सारसांखेरीज.

उद्या नागपंचमी. रोवणा बंद, बाया मोकळ्या. शामकलाला सांगितलं, ती चार गावांना सांगते. ती हे ऐकून प्रथमच माझ्याकडे मानानं बघत म्हणाली, डोक्यात कांदे नाहीत बापा तुह्या.

आत्या लेकीकडे तिरोड्याला गेली आहे. जाताना बजावून गेली, बांधीकडं फिरकू नको. मी फिरकणार नाही. मी तिथंच उभा राहणार आहे.

११ ऑगस्ट, नागपंचमी, दुपार

अपूर्व! बाया नवी लुगडी नेसून आल्या आहेत. हिरव्या बांगड्या, नारळ, तांदूळ, सुपारी. अर्जुनीकडूनही लोक आले. मी कोट घालून व्यवस्था बघतो आहे. सगळे धुऱ्यावर. एकही पाय पाण्यात नाही. मेमनं आज बघायला हवं होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळ

काही गोष्टी ठरल्याप्रमाणे झाल्या नाहीत.

शामकलानं मुद्दा काढला की ओटी नुसती दाखवली तर ती भरली कशी? उलट अपशकुन. गर्भारणीचा अपमान. बायांमध्ये चलबिचल झाली. मी मध्यम मार्ग काढला: एकाच बाईनं घरट्यापर्यंत जावं. एक बाई गेली तर ती गर्दी होत नाही. मग कोण, यावर वाद. त्यांच्यातली पुष्पाबाई म्हणाली, एकटी सवाष्ण ओटी भरत नसते, पाच लागतात. हे शास्त्राप्रमाणे बरोबर असल्यामुळे मी पाच मंजूर केल्या.

पाच जणी उतरल्या. त्यांच्या मागे त्यांची लेकरं. लेकरांच्या मागे लेकरांना धरायला आजीबाया. त्यांच्या मागे छोटेलालचं कुत्रं. कुणीतरी डफ आणला होता; मला आधी माहीत नव्हतं.

नर पंख उघडून उड्या मारू लागला. लोकांना सांगितलं, स्वागत करतो आहे. मग दोघंही उडाले आणि तलावापलीकडे दिसेनासे झाले. बाया म्हणाल्या, लाजली. घरट्याच्या कडेला कुंकू लावलं, नारळ ठेवला, ओंजळीओंजळीनं तांदूळ टाकले आणि आनंदानं घरी गेल्या.

तांदळावर कावळे आले.

मी ढेकळं मारली. एक ढेकूळ तर कावळ्याच्या अगदी जवळून गेलं. पण कावळ्यांनी तांदूळ बघितला, मग शेजारी काय आहे ते बघितलं.

अंडं आता एक आहे.

१२ ऑगस्ट

सारस काल अंधारता अंधारता परतले. मादी घरट्याभोवती बराच वेळ फिरली, चोचीनं गवत उचलून परत ठेवत होती. मग बसली.

शांतपणे विचार केला. मेम म्हणाली होती, घरटं जसंच्या तसं पाहिजे. घरटं जसंच्या तसं आहे. अंड्यांचा आकडा ती बोललीच नव्हती.

१४ ऑगस्ट

आत्या आली. येतानाच गाडीत तिला सगळं कळलं. माझ्या रामलालची कृपा. मला वाटलं, काठी काढील. तिनं आवाजही चढवला नाही. पिशवी ठेवली, लुगडं खोचलं, एक टोपली घेऊन बांधीत उतरली. सारस उठला नाही. ती घरट्यापासून थोड्या अंतरावर वाकली आणि पाण्यातला, गवतातला तांदूळ वेचत राहिली. मी मदतीला निघालो, तर मागं न बघता हात वर केला. थांब, असा.

घरी आल्यावर एवढंच म्हणाली, माहेरी आलेल्या पोरीचं एक लेकरू तू कावळ्याले देल्लं, दुधराम. दुसरं गेलं तर ते पाखरू पुन्हा ह्या बांधीत येणार नाही. आणि मी कोणाची वाट पाहू?

त्यानंतर बोलली नाही. ताट वाढते, ठेवते, जाते.

पोळ्यापर्यंत राग जाईल. तेव्हा मी जहाजावर असेन म्हणा.

१५ ऑगस्ट

जे बिघडलं ते मीच दुरुस्त करणार. तलावावरच्या मासेमार ढिवराकडून बदकाचं अंडं आणलं. जरा लहान आहे, पण लांबून बघायचं असल्यामुळे मेमला फरक कळणार नाही. चुन्यानं रंगवलं. उद्या पहाटे स्वतः नेऊन ठेवतो. हात लावायचा नाही हा नियम सारसाच्या अंड्याला आहे, बदकाच्या नाही.

१७ ऑगस्ट

आडवा लिहितो आहे.

नर सारस उभा राहिला की माझ्याएवढा होतो. हे लांबून कळत नाही.

मी पळालो नाही, दिशा बदलली. धुऱ्यावर पाय घसरला, गुडघा दगडावर. अंडं कोटाच्या खिशात होतं. सकाळी रोवण्याला निघालेल्या शामकला कंपनीनं मला खाटेवर घालून घरी आणलं, आणि अख्ख्या वाटेनं माझ्यावर जोडलेलं गाणं म्हटलं. चाल चांगली होती.

गावच्या हाड बसवणाऱ्यानं गुडघा बांधला. म्हणाला, महिनाअखेरपर्यंत पाय खाली टेकवायचा नाही.

आत्या बोलली! म्हणाली, आता तू पड बाळंतिणीसारखा. आणि खरंच तसंच केलं. दाराला कडुनिंबाची डहाळी. कानाला फडकं. खाटेखाली शेगडी, त्यावर ओवा. बाहेरच्यानं आत यायचं नाही, आतल्यानं बाहेर बघायचं नाही. मी विरोध केला. पण दूध-भात गरम होता.

२१ ऑगस्ट

गर्दी संपली. आत्या रोज जेवण झालं की विळा घेऊन बांधीच्या वाटेवर बसते. विळ्यानं काही करत नाही म्हणे, नुसती गवत कापते. लोक लांबूनच वळतात. छोटेलालची चूल स्टेशनावर गेली.

मी आवाजावरून निरीक्षण चालू ठेवलं आहे. आज दोघंही सकाळी एकदम ओरडले. आनंदात असावेत, किंवा दुःखात.

केपची तयारी: कोट धुवायला दिला. आतल्या अंड्याचा वास जात नाही. जहाजावर मळमळतं म्हणतात. सवय म्हणून खाटेवर बसून डोकं हलवून बघितलं. मळमळलं. म्हणजे सवय होत आहे.

२५ ऑगस्ट

आत्याला दिवसातून तीनदा विचारतो, बसून आहे का? ती म्हणते, आहे. काल पाऊस तुफान झाला, बांधी तुडुंब. रात्रभर वाटलं की घरटं वाहून गेलं असेल. आत्या उजाडायच्या आत कुदळ घेऊन गेली. धुरा फोडून पाणी काढून दिलं, त्यात खालच्या बांधीतलं तिचं रोवलेलं धान लोळलं. मी म्हटलं, आत्या, तुझं धान! ती म्हणाली, धान पुढच्या साली येते.

मला त्या वेळी पेंग्विन आठवलेच नाहीत. फक्त ते एक अंडं. नंतर लगेच आठवले.

२८ ऑगस्ट

मेम आज-उद्या. सगळी तयारी. दाढी केली. भाषण पाठ: ‘मॅडम, आय सी एव्हरी डे, आय टच नथिंग.’ गुडघ्याचं कारण विचारलं तर ‘ड्यूटी’. रामलालला निरोप आहे की मेम उतरताच पळत येऊन मला उठवायचं. यावेळी त्यानं दोन्ही कान धरले.

३० ऑगस्ट

मेम काल दुपारी येऊन गेली.

मी झोपलो होतो.

आत्यानं जेवणानंतर ओव्याचा शेक दिला होता, त्यात माणूस जागा राहूच शकत नाही. रामलालला विचारलं तर म्हणतो, मैंने आवाज नहीं दी, बाईजी ने मना किया था.

हकीकत शामकलाकडून. मेम स्टेशनावरून चालत आली. आत्या आणि ती, दोघी लांबच्या धुऱ्यावर एका छत्रीखाली दुपारभर बसल्या. एकीला इंग्रजी, एकीला आपली बोली, तरी म्हणे दोघी सारख्या बोलून राहिल्या होत्या. सकाळीच अंडं फुटलं होतं. पिवळ्या-तपकिरी रंगाचं पिल्लू, आईच्या पायांमधून पोहत होतं. आई चोचीनं काहीतरी भरवत होती. मेमनं चष्मा काढून डोळे पुसले. आत्यानंही पुसले, पण ती म्हणते धूर गेला. धूर कुठला? चूल तर स्टेशनावर आहे.

मेमनं विचारलं, तो मुलगा? आत्यानं खुणेनं सांगितलं: आत आहे, निजला आहे, त्याले उठवाचं नाही. मेम अंगणापर्यंत आली. कडुनिंबाची डहाळी बघितली आणि तिच्याबाहेरच थांबली. दुर्बीण काढली. दुर्बिणीतून मला बघितलं.

शामकला म्हणते, बराच वेळ बघून राह्यली होती. मध्ये मी कूस बदलली आणि घोरलो, तेव्हा मेम दबकत एक पाऊल मागं सरकली. म्हणाली, ‘सोने दो, सोने दो.’ आणि गाडीला गेली.

आत्याला विचारलं, माझ्याविषयी काहीच बोलली नाही? परहॅप्ससारखं काही? आत्या म्हणाली, मले काय समजते रे इंग्रजी! हसली मातर. आता मंबईले जाईन, तिथून जहाजात बसन, असं हातानं दाखवलं.

एकटीच बसेल, असं दाखवलं का, हे आत्याला आठवत नाही. बहुधा पुढच्या वर्षीसाठी असेल. मुंबईचा पत्ता मी विचारला नव्हता.

केप राहिलं. पण पिल्लू जगलं, हे माझ्या रिपोर्टात यायला पाहिजे, आणि जगलं ते मी झोपलेलो होतो त्या काळात, हे यायची गरज नाही.

पिल्लू अजून मी बघितलेलं नाही. आत्या म्हणते, पाय टेकला की नेईन, पण तोंड उघडलंस तर परत आणीन.

बाहेर छकडा थांबला. मेमची गाडी चुकली असेल! परत आली! कानाचं फडकं काढलं, केस सारखे केले, भाषण आठवलं.

मेम नाही. भैयाजी आहे. बिल्टीचं कधीच विसरला असेल असं वाटत होतं. सोबत दोन फेटेवाले. आत्या धावत आत आली, फडकं परत बांधलं, कानात म्हणाली, कामठ्याचे मुन्नालालजी आहेत, आपल्या भावाले घेऊन आले. पोराले पाहाले! पोरगी आहे त्यांची लग्नाची. गाडीत कोणीतरी सांगतलं म्हणे, सौंदडला एक पोरगा आहे, पाखरायची ओटी भरते, सुस्वभावी आहे. उठू नको. बोलू तर बिलकूलच नको. नुसता दिस.

मी सांगितलं, अगं, मी केपला जाणारा माणूस, माझा कोट धुवायला, माझा गुडघा... तिनं ऐकलंच नाही, चहा ठेवायला गेली.

जोडे काढल्याचा आवाज. खाकरल्याचा आवाज. डहाळी हलली. मुन्नालालजी दारातून वाकून बघताहेत, मागून त्यांचा भाऊ खांद्यावरून बघतो आहे.

मी हलत नाही.